प्रबंधकार बाबासाहेब

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले खंड एका स्वतंत्र कपाटात ठेवलेले आहेत. त्यांतील पहिल्या खंडाची पाठ केव्हाच सुटली. त्याची दोनदा नव्याने बांधणी करून घ्यावी लागली. सहाव्या खंडाची पाने मात्र अजून एकमेकांना चिकटून आहेत. देवघेवीच्या नोंदवहीत त्या खंडासमोर जी मोजकी नावे आहेत, त्यांत आमचेच नाव अधिक वेळा आलेले आहे, हे नमूद करताना आम्हाला संकोच वाटतो.

वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८९ साली निघालेल्या या सहाव्या खंडात बाबासाहेबांचे अर्थशास्त्रीय लेखन आहे. दरवर्षी १४ एप्रिलला आपली मुले व्यासपीठावर उभी राहून एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर अशी पदव्यांची माळ एका श्वासात म्हणतात आणि समोर बसलेल्या पालकांचे डोळे भरून येतात. त्या पदव्यांपैकी बहुतेकींमागचे लेखन त्या न उघडलेल्या खंडात आहे. संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांच्या चरित्रावर लेख मागितला, तेव्हा आम्ही ठरविले की महाड, पुणे करार, संविधान आणि नागपूर या सर्वपरिचित प्रसंगांचा अनुवाद पुन्हा न करता संशोधक बाबासाहेबांचे चरित्र सांगावे.

महू येथे १८९१ साली जन्म, सुभेदार रामजींच्या कडक शिस्तीतील अभ्यास, १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक, १९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए.; एवढा भाग आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि जुलै १९१३ मध्ये हा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची होती आणि त्या बदल्यात पुढे दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता.

कोलंबियात अभियांत्रिकी, वैद्यक, भौतिकशास्त्र अशा सर्व शाखांचे अध्यापन व संशोधन चाले. बाबासाहेबांनी मात्र वाट धरली ती समाजशास्त्रांची. त्यांनी निवडलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हाला दुसऱ्या आकड्याचे अप्रूप वाटते. कारण बाबासाहेबांचे अर्थशास्त्र हे पुढेही सतत इतिहासाच्या हातात हात घालून चालले. एखादा कर आज असा का आहे, हे सांगण्यापूर्वी तो कोणत्या साली, कोणी, कोणत्या गरजेपोटी बसविला याचा शोध ते घेत. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे नामवंत अभ्यासक त्यांना गुरू म्हणून लाभले. जॉन ड्यूई यांच्या वर्गातून त्यांनी विचारपद्धती घेतली. प्रयोगशाळेत मोजमाप घेणाऱ्याच्या काटेकोरपणाने हा विद्यार्थी ग्रंथालयात बसून सरकारी अहवाल आणि हिशेबाची कोष्टके तपासत राहिला. फावल्या वेळात जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, असे चरित्रकार सांगतात. साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवायचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या ग्रंथखरेदीची किंमत कळते.

मे १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा अर्थव्यवहार. तो अवघा चाळीसेक पानांचा आहे. जमीन महसूल, मीठ, अफू या मार्गांनी पैसा कसा गोळा झाला, त्यातला किती फौजेवर आणि किती रस्ते-कालव्यांवर गेला, याचा हिशेब त्यांनी आकड्यांनिशी मांडला. शेवटी ते दाखवितात, की १८५८ साली कंपनीचे राज्य संपले तेव्हा कंपनीचे कर्ज हिंदुस्थानच्याच तिजोरीच्या माथी मारले गेले. म्हणजे या देशाला स्वतःच्या हस्तांतराची किंमत स्वतःच चुकती करावी लागली. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे परक्या भूमीवर बसून लिहिले आणि त्यात एकही वाक्य आरडाओरड्याचे नाही.

पुढच्या वर्षी, ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चागटात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपासंबंधीचा पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. तो स्वीकारला गेला. परंतु छापील ग्रंथाच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याखेरीज पदवी प्रदान करावयाची नाही, असा कोलंबियाचा तेव्हाचा नियम होता. छपाईला पैसा नव्हता. ती पदवी त्यांच्या हाती १९२७ साली पडली. मधली अकरा वर्षे कशी गेली, हाच या चरित्राचा मध्यभाग आहे.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये संशोधनासाठी नाव नोंदविले. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ते ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस पोहोचले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने निघाले होते, ती शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि त्यासोबत ग्रंथही गेले. नुकसानभरपाईदाखल जे सहाशे रुपये मिळाले, त्यांतूनच बडोद्याच्या प्रवासखर्चाची सोय झाली. बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे: कचेरीत लांबून फेकले जाणारे कागद, पारशी विश्रामगृहातून झालेली हकालपट्टी आणि उद्यानातील झाडाखाली ढाळलेले अश्रू. जगातील दोन श्रेष्ठ विद्यापीठांतून आलेल्या या विद्वानाला त्या नगरीत रात्रीचा निवारा मिळाला नाही.

या अपमानानंतर त्यांनी लिहिलेला एक निबंध आम्हाला आपल्या परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा वाटतो. १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. विषय: भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय. शेतीचे तुकडे फार लहान झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे जोडा आणि एकाच वारसाकडे ठेवा, असे त्या काळी मुंबई इलाख्यातील व बडोद्यातील तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी या मुळावरच प्रश्न टाकला. किती एकर म्हणजे पुरेशी शेती, हे जमिनीच्या मापावरून ठरूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. जमिनीबरोबर बैल, अवजारे, पाणी, भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण काय, यावर ते ठरते. ज्याच्याजवळ भांडवलच नाही, त्याला दोन एकरही मोठे पडतात.

हे पटण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्या शिवारात पोहोचले आणि ज्या शिवारात पोहोचले नाही, तेथील दोन-दोन एकरांची तुलना कोणताही पालक बांधावर उभा राहून करू शकेल. सात-बारावर दोन्हींचे माप एकच असते.

परंतु निबंधाचा खरा गाभा पुढेच आहे. शेतीवर गरजेपेक्षा कितीतरी अधिक माणसे पोसली जात आहेत. ती रिकामी बसतात, पण त्यांचे खाणे थांबत नाही. हे रिकामे श्रम जोवर दुसऱ्या उत्पादक उद्योगात जात नाहीत, तोवर तुकडे जोडले काय किंवा तोडले काय, दारिद्र्य तसेच राहील. म्हणून औद्योगिकीकरण हाच शेतीच्या दुखण्यावरील उपाय होय, असा त्यांचा निष्कर्ष. शंभराहून अधिक वर्षे लोटली. गंगाखेड, पाथरी भागांतील आपली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्यांत बिऱ्हाड घालून ऊसतोडीला जातात आणि लेकरांना वसतिगृहात सोडून जातात. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांचे बालपण असेच गेले. आपल्या आईबापांना गाव का सोडावे लागले, याचे शास्त्रशुद्ध विवेचन बाबासाहेबांनी १९१८ सालीच करून ठेवले होते, हे आम्हाला एम.ए. होईपर्यंत कोणी सांगितले नाही. आम्हीही आमच्या विद्यार्थ्यांना उशिराच सांगितले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ती नोकरी त्यांनी पुन्हा लंडनला जाण्याकरिता पैसे साठविण्यासाठी धरली होती. जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. आणि जुलैमध्ये ते बोटीत बसले. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढी शिदोरी होती. इकडे रमाई मुंबईच्या चाळीत काटकसरीने संसार रेटत होत्या. तिकडे लंडनच्या खाणावळीत सकाळी पावाचा तुकडा आणि पातळ चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, आणि रात्री मित्राने दिलेले पापड भाजून भुकेला दिलेला आधार. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळाली, जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी डी.एस्सी.साठी ‘दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सादर केला.

रुपयाचा प्रश्न म्हणजे नेमके काय? मराठवाड्यातील जुन्या माणसांना हे समजावणे सोपे होते. निजामाच्या राज्यात ‘हाली’ शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात ‘कलदार’. सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हाली १९५९ पर्यंत व्यवहारात होता. दोन नाण्यांच्या भावात फरक पडला की कोणाचा तरी फायदा आणि कोणाचे तरी नुकसान होते, हे बाजारात उभ्या राहणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नसे. हीच गोष्ट रुपया आणि पौंड यांच्यात मोठ्या प्रमाणावर घडली. १८३५ पासून हिंदुस्थानचा रुपया चांदीचा, तर इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. सुमारे दोन शिलिंगांना विकला जाणारा रुपया १८९२ च्या सुमारास सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. इंग्लंडमध्ये सोन्यात भरावयाचा खर्च भागविण्यास सरकारला अधिकाधिक रुपये लागू लागले. अखेर १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सवर आणून, लंडनमध्ये हुंड्या विकून तो टिकविण्याची व्यवस्था उभी राहिली. हिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली ग्रंथ लिहून या व्यवस्थेची भलावण केली होती.

बाबासाहेबांनी तिलाच आव्हान दिले. रुपयाचा पौंडातील भाव स्थिर दिसतो, यावर समाधान मानू नका. रुपयाला धान्य किती मिळते, कापड किती मिळते ते पाहा, अशी त्यांच्या प्रतिपादनाची दिशा आहे. हवे तितके रुपये पाडण्याची मुभा सरकारच्या हाती राहिली, की चलन वाढते, महागाई होते. महागाईत व्यापारी तरतो, कर्जदार कारखानदार तरतो. मजुराची मजुरी मात्र भावांच्या मागे रखडत जाते. म्हणून रुपये पाडणे थांबवावे, त्यांच्या संख्येला मर्यादा घालावी आणि प्रत्यक्ष सोन्याचे चलन असावे, असा उपाय त्यांनी सुचविला. आज जगात कोठेही सोन्याचे चलन उरलेले नाही, तेव्हा उपायाविषयी मतभेद होऊ शकतील. पण चलनाच्या प्रश्नात मजुराची भाकरी मोजणारा हा माणूस त्या विद्वत्सभेत एकटाच होता, असे आम्हाला वाटते.

आणि हा प्रबंध परत आला. मार्च १९२३ मध्ये, परीक्षकांना त्याची मांडणी मान्य नाही, तो पुन्हा लिहून द्यावा लागेल, असे त्यांना कळविण्यात आले. ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवरील टीका झोंबली, असे चरित्रकार म्हणतात. बत्तिसाव्या वर्षी, कर्जबाजारी अवस्थेत, संसारापासून तीन वर्षे दूर राहून लिहिलेला प्रबंध परत यावा, या क्षणाची कल्पना करून पाहावी. लंडनमध्ये आणखी राहण्याइतके पैसे नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, वकिलीची जुळवाजुळव करता करता प्रबंध पुन्हा लिहून काढला आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठविला. भाषा सौम्य झाली. निष्कर्ष कायम राहिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने ग्रंथ छापला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. ग्रंथाला प्रस्तावना होती त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. आणि त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी शिष्याच्या मतांशी आपला मतभेद स्पष्ट नोंदविला आहे. गुरूने जाहीर मतभेद मांडावा आणि शिष्याने तो आपल्याच ग्रंथाच्या आरंभी छापावा, या प्रसंगावर आमच्या वर्गात आम्ही पूर्ण एक तास खर्च करतो.

१९२५ साली त्याच प्रकाशकाने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ छापला. १८३३ च्या केंद्रीकरणापासून १९२१ पर्यंत मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी बदलत गेली, याची ती कथा आहे. ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे. प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. याच ग्रंथाच्या प्रती जमा होऊन १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. पदरी पडली. पुढे संविधानात केंद्र आणि राज्ये यांच्यातील उत्पन्नाच्या वाटपासाठी कलम २८० अन्वये वित्त आयोग आला, तेव्हा मसुदा समितीच्या अध्यक्षाला तो विषय नवा नव्हता.

डिसेंबर १९२५ मध्ये भारतीय चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजेच हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांची साक्ष झाली. येथे आम्हाला थोडे अप्रिय बोलावे लागेल. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून उभी राहिली, असे विधान जयंतीच्या सभांतून सर्रास केले जाते. तरुणपणी आम्हीही ते टाळ्यांच्या गजरात केलेले आहे. वस्तुस्थिती अशी, की आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. आयोगाने चलनासाठी सुचविलेली पद्धत मात्र बाबासाहेबांनी मांडलेली नव्हती. त्यांचे म्हणणे वेगळे होते, स्वतंत्र होते आणि ते त्यांनी आयोगाच्या तोंडावर मांडले. जो माणूस एकेका आकड्यासाठी इंडिया ऑफिसची दप्तरे उपसत बसला, त्याच्याविषयी बोलताना आपणही आधार तपासून बोलावे, अशी आमची समाजबांधवांना हात जोडून विनंती आहे.

यानंतरच्या आयुष्यात चळवळीने त्यांचा सारा वेळ घेतला. तरीही संशोधकाची नजर गेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर, महानदी, सोन या नद्यांच्या खोऱ्यांचा प्रश्न त्यांच्याकडे आला, तेव्हा पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी धोरणे त्यांनी आखली आणि त्यासाठी अभियंत्यांच्या केंद्रीय यंत्रणा उभारल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. स्वतः कायदा आणि अर्थशास्त्र यांत पारंगत असलेला हा नेता आपल्या मुलांनी केवळ कला शाखेत व वकिलीत अडकू नये, त्यांनी विज्ञानाच्या आणि यंत्रविद्येच्या दालनांतही शिरावे, असे सांगत होता. शिष्यवृत्त्यांसाठी तीन लाखांची तरतूद झाली आणि काही विद्यार्थी परदेशी गेलेही.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. नागसेन भिक्खूंना प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव आहे. आपल्या जिल्ह्यातील पहिल्या पिढीचे कित्येक पदवीधर पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू या स्थानकांवरून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत पत्र्याची पेटी चढवून त्या महाविद्यालयात गेले. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याच्या उस्मानिया विद्यापीठाने जानेवारी १९५३ मध्ये बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली.

शेवटची काही वर्षे ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गढलेले होते. तेथेही त्यांनी परंपरेला प्रश्न विचारलाच. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्यांना पटेना. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत या गोष्टी त्याच्या दृष्टीस पडल्याच नाहीत, हे कसे शक्य आहे? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याकडे लक्ष वेधले आणि गृहत्यागाचे कारण तेथे शोधले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंदावली होती, पायांत बळ नव्हते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीच्या निवासस्थानी, त्यांनी या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद बिछान्याजवळच्या टेबलावर ठेवावयास सांगितले. त्यांवरून एकदा नजर फिरवावयाची राहिली होती.